गोल कोपरे कोणाच्या मालकीचे? अ‍ॅपल-सॅमसंग खटला आणि डिझाइनची नक्कल

साचेवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून काढतो, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी भोसरीला टूलरूममध्ये आहे, प्लास्टिक पार्टचे साचे करतो, बावीस वर्षं झाली. परवा मुलाशी वाद झाला. तो म्हणाला, बाबा, सगळे फोन सारखेच दिसतात, काचेचा आयत आणि चार गोल कोपरे, मग अ‍ॅपलने सॅमसंगकडे एवढे पैसे मागितले ते काय आयताचे? मला राग आला. पोराचा नाही, त्या वाक्याचा. कारण हे वाक्य मी माझ्या धंद्यात ऐकलेलं आहे, "त्यात काय एवढं, झाकणच तर आहे."

मग ती केस बसून वाचली. आयफोन ९ जानेवारी २००७ला अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्जने दाखवला आणि तेव्हाच स्टेजवरून सांगितलं होतं की याच्यावर दोनशेच्या वर पेटंटांचे अर्ज केलेत. २०१०ला सॅमसंगचा गॅलेक्सी एस आला. १५ एप्रिल २०११ला अ‍ॅपलने कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या कोर्टात केस ठोकली, सॅमसंगने आठवड्याभरात सोल, टोकियो आणि जर्मनीत मॅनहाइमला उलट्या केसेस टाकल्या. २४ ऑगस्ट २०१२ला ज्युरीने निकाल दिला, सॅमसंगने जवळजवळ १०५ कोटी डॉलर द्यावेत.

पण माझं डोकं अडकलं ते सॅमसंगच्याच एका आतल्या रिपोर्टवर, जो कोर्टात बाहेर आला. २०१०चा, १३२ पानांचा. पानावर एका बाजूला आयफोन, दुसऱ्या बाजूला आपला गॅलेक्सी, काय कमी पडतंय ते लिहिलेलं आणि खाली सुधारणा कशी करायची त्याची दिशा. असं पानामागून पान, शंभरावर मुद्दे. प्रतिस्पर्ध्याचा माल आणून उघडून बघणं हे सगळेच करतात, आम्हीही करतो, त्यात गैर नाही. पण प्रत्येक पानाचं उत्तर "त्यांच्यासारखं करा" असंच येत असेल तर मग तो अभ्यास राहत नाही, ती नक्कल झाली, माझं तरी असं मत आहे.

दुसरा प्रसंग २०११चा, टॅबलेटवरून सुनावणी चालू होती. न्यायाधीश ल्यूसी को यांनी आयपॅड आणि गॅलेक्सी टॅब दोन्ही हातात उंच धरले आणि सॅमसंगच्या वकिलांना विचारलं, यातला तुमचा कुठला? वकीलबाई साधारण दहा फुटांवर. त्या म्हणाल्या, एवढ्या अंतरावरून नाही सांगता येणार. बरोबर उत्तर मग त्यांच्यातल्याच दुसऱ्या वकिलाने दिलं. ज्याने माल केला त्याच्याच वकिलाला ओळखता येत नाही, तर गिऱ्हाइकाने काय करायचं?

तुमची मतं सांगा. नक्कल केलेल्या फोनवरचा सॅमसंगचा पूर्ण नफा काढून घेणं बरोबर होतं का? मला तर वाटतं बरोबर होतं.

दुरुस्ती_सोलापूर

साचेवाले दादा, धागा चांगला काढलात पण मी थोडा असहमत आहे. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, २००९पासून. हे दोन्ही फोन मी शेकड्याने उघडलेत. गॅलेक्सी एसच्या खाली मधोमध लांबट चौकोनी बटण होतं, आयफोनचं गोल. मागे आयफोनला सफरचंद. गिऱ्हाईक फसून चुकीचा फोन घेऊन गेला असं मी एकदाही बघितलं नाही, किमतीतच एवढा फरक होता की कोण फसणार? लोक उलट मुद्दाम विचारायचे, आयफोनसारखा दिसणारा दाखवा. म्हणजे त्यांना माहीत होतं की हा आयफोन नाही.

आणि एक गोष्ट, आयफोन ४ उघडला की आत जी ए४ चिप असायची ती सॅमसंगच्याच कारखान्यात बनलेली. म्हणजे एकीकडे कोर्टात भांडण आणि दुसरीकडे तोच माणूस तुमच्या फोनचा मेंदू बनवून देतोय. कॉपी म्हणायचं तर नक्की कशाची, कारण आतलं तर सगळं एकमेकांचंच.

पाटीपेन्सिल

मी बंगळुरात अ‍ॅपच्या स्क्रीन डिझाइन करते, म्हणून या केसमधला आयकॉनचा भाग मला जास्त जवळचा वाटतो. दुरुस्तीवाले दादा, बटणाचं म्हणता ते खरं, पण स्क्रीन चालू केल्यावर काय दिसायचं ते आठवा. हिरव्या चौकोनात तिरपा पांढरा रिसिव्हर. दोघांचाही हिरवा, दोघांचाही तिरपा, दोघांचाही पांढरा. फोन म्हणलं की हिरवा रंग आपल्याला आता सवयीचा वाटतो पण ते कुठेही लिहिलेलं नाही, निळ्यावर काळा रिसिव्हर काढला असता तरी लोकांना कळलंच असतं. पर्याय शंभर असताना तोच घेतला, तर प्रश्न येणारच.

सूझन केअर, म्हणजे जुन्या मॅकचे आयकॉन जिने काढले ती, अ‍ॅपलच्या बाजूने साक्षीला आली होती. तिने सांगितलं की वकिलांच्या ऑफिसात टेबलावर फोन ठेवलेले होते, तिने आयफोन समजून एक उचलला आणि तो सॅमसंगचा निघाला. ज्या बाईचं आयुष्य आयकॉन बघण्यात गेलं तिचा हात चुकला.

पण मला जास्त लागलं ते समोरच्या बाजूचं. सॅमसंगची जी डिझायनर साक्षीला होती तिने सांगितलं की गॅलेक्सी एसचे आयकॉन करताना काही महिने ती रोज दोन-तीन तास झोपायची, बाळ तान्हं होतं आणि त्या धावपळीत तिचं अंगावर पाजणंही बंद झालं. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. तिने मेहनत केली नाही असं कोण म्हणेल? वरून जर "तीन महिन्यात त्यांच्यासारखं पाहिजे" असा हुकूम असेल तर खाली काम करणारी बाई काय करणार, रात्रभर जागून तेच करणार. त्यामुळे चोर कोण हे ठरवताना टेबलावर बसलेल्या माणसाकडे बोट जाऊ नये असं मला फार वाटतं.

आणि यादी संपल्यावर उसळते ती गोष्ट. आयफोनवर काँटॅक्ट वर सरकवत शेवटाला नेलं की यादी थोडी पुढे ओढली जायची, खाली मोकळी जागा दिसायची आणि बोट सोडलं की रबरासारखी मागे यायची. तेवढ्याशा हालचालीने हाताला कळतं की इथे संपलं, फोन अडकला नाहीये. तिच्यावर अ‍ॅपलचं वेगळं पेटंट होतं आणि सॅमसंगच्या फोनात तेच सापडलं. वापरणाऱ्याला नाव सांगता येत नाही पण बोटाला आठवतं. या गोष्टीला "एवढंसं" म्हणू नका प्लीज, कोणीतरी महिनोन् महिने बसून तो वेग जुळवलेला असतो.

जुनाफोन_प्रेमी

आयफोनच्या आधी एलजी प्राडा होता हे कोणी बोलतच नाही. डिसेंबर २००६ला जाहीर झाला, समोर सगळी काच, काळा, बोटाने चालणारा. मग आयताचा मालक अ‍ॅपल कसा? सॅमसंगने कोर्टात हेही मांडू पाहिलं की अ‍ॅपलच्या आतच २००६ला "सोनीने केला असता तर कसा दिसेल" असा एक नमुना केला होता. म्हणजे प्रेरणा सगळेच घेतात.

ऋजुता_वकील

बौद्धिक संपदेचं काम करते, ठाण्यात. इथे थोडा गोंधळ होतोय तो आधी सोडवते.

"आयताचं पेटंट" असं नसतं. डिझाइन पेटंट म्हणजे चित्र. त्यात जी रेष अखंड काढलेली असते तेवढंच तुम्ही मागता, तुटक रेषेत जे दाखवता ते फक्त संदर्भाला. या केसमध्ये मुख्य तीन डिझाइन होती, एक समोरचा सपाट काळा भाग, दुसरं कडेची पट्टी धरून समोरचं रूप, तिसरं आयकॉनची मांडणी. काळ्या काचेच्या चित्रात होम बटण तुटक रेषेत आहे, त्यामुळे सोलापूरच्या दादांचा चौकोनी बटणाचा मुद्दा तिथे टिकत नाही, बटण मागितलेलंच नव्हतं. आणि गिऱ्हाईक काउंटरवर प्रत्यक्ष फसलं पाहिजे अशी अटही नाही. साधारण गिऱ्हाइकाच्या नजरेला दोन रूपं फारच सारखी वाटतात का, एवढं बघतात. टॅबलेटच्या डिझाइनवर मात्र त्याच ज्युरीने अ‍ॅपलच्या विरुद्ध कौल दिला, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आता साचेवाले, तुमचा पूर्ण नफ्याचा प्रश्न. हा कायदा फोनचा नाहीच, गालिच्यांचा आहे. १८८५ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गालिच्याच्या नक्षीची नक्कल केल्याच्या केसेस आल्या होत्या. नक्कल झाली हे मान्य झालं, पण कोर्ट म्हणालं की नफ्यातला कुठला भाग नक्षीमुळे आणि कुठला गालिचा चांगला विणल्यामुळे हे तुम्ही सिद्ध केलं नाहीत. भरपाई मिळाली सहा सेंट. सहा सेंट! कारागीर लोक खवळले, आणि १८८७ला कायदाच झाला की नक्षी चोरली तर त्या वस्तूवरचा पूर्ण नफा द्यायचा. गालिच्याला ते शोभतं, कारण माणूस गालिचा घेतो तो नक्षी बघूनच.

तोच कायदा सव्वाशे वर्षांनी फोनला लावला. फोनमध्ये कॅमेरा, बॅटरी, रेडिओ, हजारो गोष्टी. वरची आकडेमोड बरीच झाली, २०१३ला को मॅडमनी ४५ कोटींचा भाग बाजूला काढून पुन्हा मोजायला लावला, मग अपिलात आणखी काही गेलं, शेवटी राहिले ५४.८ कोटी आणि सॅमसंगने ते २०१५च्या डिसेंबरमध्ये भरले. त्यातले ३९.९ कोटी निव्वळ डिझाइनचे. तेवढ्यासाठी सॅमसंग सुप्रीम कोर्टात गेली. ६ डिसेंबर २०१६ला आठही न्यायमूर्ती एकमताने सॅमसंगच्या बाजूने, निकाल सोटोमेयर यांनी लिहिला. त्या म्हणाल्या, कायद्यातली "वस्तू" म्हणजे दुकानात विकला जाणारा अख्खा फोनच असला पाहिजे असं नाही, त्याचा एखादा भागही असू शकतो. पण मग या केसमध्ये तो भाग कुठला, काच की चौकट की फोन, हे त्यांनी ठरवलं नाही, खाली परत पाठवलं.

बे_एरियाकर

इथे सांता क्लाराला राहतो, २०१८ची ज्युरी बसली तेव्हा ऑफिसात रोज चर्चा असायची. सॅमसंगचं म्हणणं होतं २.८ कोटी डॉलर, अ‍ॅपलचं शंभर कोटीच्या वर. एकाच्या मते "वस्तू" म्हणजे काच आणि स्क्रीन, दुसऱ्याच्या मते सगळा फोन, एवढ्यावरून हा फरक. मे २०१८ला ज्युरीने ५३.९ कोटी दिले. सुप्रीम कोर्टात जिंकून सॅमसंग पुन्हा जवळजवळ तिथेच आली. आणि जूनमध्ये दोघांनी आपसात मिटवलं, अटी बाहेर आल्या नाहीत.

माझी तक्रार वेगळी आहे. कोर्ट सॅन होजेला आणि अ‍ॅपलचं घर क्युपर्टिनोला, गाडीने पंधरा-वीस मिनिटं. २०१२ला नऊ जणांच्या ज्युरीने सातशेच्या आसपास प्रश्नांची उत्तरं तीन दिवसात भरून दिली. ज्या दिवशी इथे १०५ कोटींचा निकाल लागला त्याच दिवशी सोलच्या कोर्टाने दोघांनाही दोषी धरलं आणि अ‍ॅपलला जास्त दंड केला. आठवड्याने टोकियोत निकाल सॅमसंगच्या बाजूने. लंडनला तर जज बर्स यांनी सांगितलं की गॅलेक्सी टॅब आयपॅडइतका देखणा, ऐटबाज नाही म्हणूनच तो नक्कल नाही, आणि अ‍ॅपलला आपल्याच वेबसाइटवर आणि पेपरात छापायला लावलं की सॅमसंगने आमचं डिझाइन उचललेलं नाही. अ‍ॅपलने ते छापलं पण सोबत स्वतःची बाजू एवढी जोडली की कोर्टाने पुन्हा नीट छापा म्हणून सुनावलं. एकच वस्तू, जर्मनीत बंदी आणि इंग्लंडात माफी. मग न्याय नक्की कशावर मोजला जातोय?

वर २०१३ला सॅमसंग एका पेटंटवर जिंकून जुन्या आयफोन-आयपॅडची आयात बंद करायचा हुकूम घेऊन आली तेव्हा ओबामा सरकारने तो ऑगस्टमध्ये रद्दच केला. असं १९८७नंतर पहिल्यांदा झालं होतं. ते पेटंट नेटवर्कच्या स्टँडर्डमधलं होतं, सगळ्यांना वापरावंच लागतं, त्यामुळे कारण पटण्यासारखं आहे, पण कोरियात लोकांना काय वाटलं असेल याचा विचार करा.

दुरुस्ती_सोलापूर

ऋजुताताई, बटणाचं समजलं. तुटक रेषेचं हे मला अजिबात माहीत नव्हतं, धन्यवाद. पण बे एरियाकर म्हणतात ते मला पटतंय, घरच्या मैदानावर घरचा संघ.

साचेवाला (धागाकर्ता)

सगळ्यांचं वाचलं, काल रात्री उशिरापर्यंत. बे एरियाकर, ज्युरीबद्दल मी काही बोलणार नाही, तुम्ही तिथे आहात. पण जर्मनी-इंग्लंडच्या फरकाने नक्कल झालीच नाही असं होत नाही.

आता माझं सांगतो म्हणजे मी का चिडतो ते कळेल. दोन वर्षांपूर्वी आम्ही पाण्याच्या जगचं एक झाकण केलं. अंगठ्याने दाबायची चाप झाकणातच, वेगळी स्प्रिंग नाही, वेगळी पिन नाही, प्लास्टिकचीच पातळ पट्टी वाकते आणि परत येते. ती पट्टी किती जाड ठेवायची यात माझे चार महिने गेले, पातळ केली की दोनशे वेळा दाबल्यावर तुटायची, जाड केली की म्हाताऱ्या माणसाच्या अंगठ्याला दाबायची नाही. शेवटी पट्टीच्या मुळाशी रेडियस, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, वाढवला तेव्हा जमलं. एका पार्टीला नमुने दाखवले, त्यांनी "कळवतो" म्हणून ठेवून घेतले आणि ऑर्डर काही दिली नाही. पण इकडे एका जुन्या गिऱ्हाइकाला तेच झाकण आम्ही देत होतो. आठ महिन्यांनी बायको बाजारातून जग घेऊन आली. झाकण माझं.

मी आधी म्हणलं योगायोग असेल. मग आतून बघितलं. आमच्या साच्यात एक इजेक्टर पिन, म्हणजे तयार पार्ट साच्यातून बाहेर ढकलणारी, थोडी खोल बसली होती, त्यामुळे चापेच्या डाव्या बाजूला नखाएवढा गोल उंचवटा येतो, त्याचा उपयोग शून्य, ती चूक आहे माझी. त्या बाजारातल्या झाकणालाही बरोबर त्याच जागी तो उंचवटा होता. व्हर्नियर लावलं तर त्यांचं झाकण सगळीकडून माझ्यापेक्षा दीड टक्का लहान. प्लास्टिक थंड झालं की आकसतं, साचा करताना तेवढा वाढवून करावा लागतो. तयार पार्टवरून माप घेऊन वाढवायचं राहिलं की पार्ट तेवढाच लहान येतो. म्हणजे ड्रॉइंग नाही, विचार नाही, माझा पार्ट ठेवला आणि त्यावरून साचा काढला.

त्या पट्टीचा रेडियस त्यांनी आणला पण तो तेवढाच का आहे हे त्यांना माहीत नाही. मला पैशापेक्षा ते जास्त लागलं. म्हणून १३२ पानांचा रिपोर्ट वाचताना माझ्या डोळ्यासमोर माझाच उंचवटा येत होता.

ऋजुताताई, गालिच्याचं वाचून मी विचारात पडलो. झाकणात झाकणच सगळं आहे, तिथे पूर्ण नफा मागणं मला बरोबर वाटतं. फोनमध्ये मी पूर्ण नफा म्हणत होतो ते आता म्हणणार नाही. जग विकला गेला तर पूर्ण जगाचा नफा मी मागू का? नाही मागणार, जगाचा साचा माझा नव्हता.

पाटीपेन्सिल

काका, उंचवट्याचं वाचून अंगावर काटा आला. ती चूकच तुमची सही झाली.

इंजि_दुसरंवर्ष

मी विद्यार्थी आहे, नवीन सभासद. एक शंका, एवढं सगळं झालं तर आज फोन अजून सारखे का दिसतात? आणि हे दोघे परत एकत्र धंदा कसा करतात, २०१७च्या आयफोन टेनची स्क्रीन तर सॅमसंगचीच होती.

ऋजुता_वकील

खटला चालू असतानाही धंदा थांबला नव्हता मित्रा, चिप आणि मेमरी जातच होती. अमेरिकेबाहेरच्या केसेस तर २०१४लाच दोघांनी मागे घेतल्या. सारखे दिसतात त्याचं एक कारण असं की समोरचा सगळा भाग स्क्रीनच झाला, आकाराला जागाच उरली नाही. जी जागा उरली, म्हणजे कॅमेऱ्याची मांडणी, कडा, आयकॉन, तिथे आता कंपन्या आधीच वकिलाला बसवतात. खटल्याने एवढं नक्की झालं.

साचेवाले, तुमच्यासाठी जरा सविस्तर लिहिते कारण तुमचं ऐकून मला वाईट वाटलं. आपल्याकडे डिझाइन कायदा २००० सालचा. नोंदणी केली तर दहा वर्षं, पुढे पाच वाढतात. पण डिझाइन नवीन पाहिजे, म्हणजे अर्ज करायच्या आधी बाजारात आलेलं नको. तुम्ही नमुने दाखवले, विक्रीही केली, नोंदणी नाही. मग कॉपीराइट म्हणाल, तर नोंदणी न केलेल्या डिझाइनचा कॉपीराइट पन्नासच्या वर नग काढले की संपतो. तुम्ही हजारो काढले असतील. राहतं पासिंग ऑफ, म्हणजे लोक या झाकणाला तुमचं म्हणून ओळखतात हे दाखवायचं, आणि जगावर नाव तुमचं नाही तर ते अवघड आहे. जुन्या झाकणाचं मी खोटी आशा दाखवणार नाही.

नोंदणी असती तर एका डिझाइनमागे ठरावीक रक्कम जास्तीत जास्त पन्नास हजार, किंवा ती सोडून मनाईहुकूम आणि नुकसानभरपाईचा दावा. पन्नास हजार फार कमी आहे, तुमच्या साच्याचं स्टील तेवढ्यात येत नसेल, पण मनाईहुकूम मिळाला तर समोरच्याचा माल थांबतो, खरी ताकद ती आहे. आणि पट्टी वाकते कशी, हे काम झालं, रूप नाही, ते डिझाइनमध्ये बसत नाही. त्याला पेटंट लागतं.

एक विचारते. सध्या हातात नवीन काही आहे का, जे कोणाला दाखवलेलं नाही?

दुरुस्ती_सोलापूर

साचेवाले दादा, तुमची गोष्ट वाचून माझं पहिल्या पोस्टमधलं "कॉपी म्हणायचं तर नक्की कशाची" हे वाक्य मागे घेतो. गिऱ्हाईक फसलं नाही म्हणजे करणाऱ्याचं गेलं नाही असं होत नाही.

साचेवाला (धागाकर्ता)

ताई, आहे. डब्याची कडी आहे, एका हाताने उघडणारी. परवा पहिली ट्रायल काढली, सहा नग निघाले, पाच माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत आणि एक घरी. पार्टीला शनिवारी दाखवायला जायचं ठरलं होतं. आत्ताच फोन करून सांगितलं की पंधरा दिवस थांबा.

समोरून, मागून, वरून, खालून, दोन्ही बाजू आणि एक तिरपा असे सात व्ह्यू मुलगा आज रात्री काढून देतो म्हणाला. कुठल्या रेषा अखंड आणि कुठल्या तुटक ठेवायच्या ते तुम्ही सांगा, मेसेज केलाय.